ब्रह्मचर्य, बोहला, बिऱ्हाड : मास्टर विनायकांच्या विनोदाची तीन प्रकरणे

१/ चारकोपपासून जवळच, मालाडला, १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली. तिच्या 'अछूत कन्या'त (१९३६) जातीची भिंत ओलांडू पाहणाऱ्या प्रेमाची शोकांतिका झाली. त्याच सुमारास कोल्हापुरात प्रेम आणि लग्न हे हशाचे विषय होऊ लागले होते.

२/ १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी तिथे हंस पिक्चर्स काढली. विनायकांचे पुढचे तीन विनोदी बोलपट आयुष्याच्या क्रमाने लावले, तर प्रेमसंबंधांचा एक कथासंग्रहच तयार होतो.

३/ प्रकरण पहिले : 'ब्रह्मचारी' (१९३८), लेखक आचार्य अत्रे. व्याख्यान ऐकून औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो. किशोरी भेटताच ती डळमळू लागते. पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकरांनी खळबळ उडवली. मात्र इथे खिल्ली उडते ती प्रेमाची नव्हे, दिखाऊ संयमाची.

४/ प्रकरण दुसरे : 'लग्न पहावं करून' (१९४०). चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पालीचे अभ्यासक. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. शीर्षक एका जुन्या म्हणीतून उचललेले. लग्न ही दोघांची गोष्ट न राहता साऱ्या गोतावळ्याची धावपळ होते, हाच इथला विनोद.

५/ प्रकरण तिसरे : 'अर्धांगी' (१९४०), पुन्हा अत्रे. आधुनिक जोडप्याला नावे पुराणातली, सत्यवान आणि सावित्री. नवरा सुशिक्षित, आधुनिक स्त्रीकडे ओढला जातो. सरशी मात्र घरच्या सावित्रीची होते.

६/ क्रम पुन्हा पाहा. आधी टोपी उडाली ती ढोंगी उपदेशकाची, मग लग्नव्यवहाराची आणि अखेरीस शिकलेल्या स्त्रीची. दोन वर्षांत बाणाचे टोक वळले.

७/ पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले होते. मध्यमवर्गीय घरांतून शिकणाऱ्या, उशिरा लग्न करणाऱ्या मुली दिसू लागल्या होत्या. किशोरीच्या मोकळेपणावर प्रेक्षक खूश होता. तोच मोकळेपणा संसाराच्या उंबरठ्याशी येताच त्याला धास्ती वाटू लागली.

८/ म्हणून जुना विनोदी चित्रपट हा समाजाच्या इतिहासाचा दस्तऐवज ठरतो. त्या काळी कायदा काय सांगत होता, ते राजपत्रात सापडते. माणसे कशाला बिचकत होती, ते मात्र त्यांच्या हसण्यातून कळते.