कोलंबसच्या विसरलेल्या तबकड्या

गुणी कला लोकांच्या स्मरणांत आपोआप टिकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेंतील 'सोल' संगीताचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत पुष्कळच दुरुस्त करून घ्यावी लागते. चांगलें गाणें निर्माण होणें निराळें आणि तें श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोंचणें निराळें.

'सोल' म्हणजे आत्मा. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतें आणि त्यांच्या नाचघरांतील ठेकेदार गाणीं यांच्या संगमांतून १९५० नंतर हा गायनप्रकार उदयास आला. रे चार्ल्स, सॅम कुक प्रभृति गायकांनीं ईश्वराच्या आळवणींतील आर्तता प्रेमगीतांत आणली. बेरी गॉर्डी यांनीं १९५९ सालीं डेट्रॉइट येथें स्थापिलेली कंपनी पुढें 'मोटाउन' या नांवानें जगप्रसिद्ध झाली. मेम्फिस शहरांतील 'स्टॅक्स' कंपनीचाहि असाच लौकिक झाला. परंतु त्याच काळांत गांवोगांवीं लहान लहान कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. त्यांची दखल इतिहासानें फारशी घेतली नाहीं.

ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं बिल मॉस या नभोवाणीवरील निवेदकानें १९७० च्या सुमारास 'कॅपसोल' नांवाची अशीच एक कंपनी काढली. मॅरियन ब्लॅक हा गायक, तसेंच जॉन्सन, हॉकिन्स, टॅटम व डर हे चौघे तिच्यासाठीं गायिले. गाणीं उत्तम, पण अशा धंद्याचें गणित मोठें कठीण असे. तबकड्या छापण्याचा खर्च आधीं करावयाचा, विक्रेत्यांकडून पैसे मागाहून यावयाचे, आणि परक्या शहरांतील नभोवाणीनें गाणें वाजविलें नाहीं तर तें गांवाची वेस ओलांडीत नसे. थोड्याच वर्षांत कॅपसोल बंद पडली.

या अपयशी तबकड्यांचा पहिला आदर झाला तो मात्र समुद्रापलीकडे. इंग्लंडच्या उत्तर भागांतील गिरण्या-कारखान्यांच्या गांवांतून कामकरी तरुण रात्रभर नाचत, आणि त्यांस हवीं असत तीं अमेरिकेंत न खपलेलीं जलद लयीचीं गाणीं. मँचेस्टरचें 'ट्विस्टेड व्हील' आणि १९७३ ते १९८१ पर्यंत गाजलेलें 'विगन कॅसिनो' हीं या मंडळींचीं तीर्थक्षेत्रें होत. फ्रँक विल्सन याचें १९६५ सालचें एक गीत मोटाउननें छापलें, पण विक्रीस आणण्यापूर्वींच रद्द केलें. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या. त्यांपैकीं एक २००९ सालीं २५ हजार पौंडांहून अधिक किंमतीस विकली गेली.

येथेंच खरा प्रश्न उपस्थित होतो. जुन्या तबकडीची किंमत कितीहि चढली, तरी ती विकणाऱ्याच्या खिशांत जाते. गायकाच्या वा कवीच्या पदरांत त्यांतील एक कपर्दिकाहि पडत नाहीं. संग्राहकाचें प्रेम खरें असलें, तरी त्या प्रेमानें कलावंताचें ऋण फिटत नाहीं. तें फेडावयाचें तर ध्वनिमुद्रणाचा हक्कदार शोधून, त्याच्याशीं करार करून, गाणें पुन्हा छापलें पाहिजे.

शिकागो येथें २००३ सालीं स्थापन झालेल्या 'न्यूमेरो ग्रूप' या संस्थेनें हेंच कार्य अंगीकारिलें. तिचें पहिलेंच प्रकाशन, २००४ सालचें, कॅपसोलच्या गीतांचा संग्रह होतें. मूळ चुंबकीय फीत सांपडल्यास तीवरून, न सांपडल्यास कमींत कमी झिजलेल्या तबकडीवरून ध्वनि उतरवून घ्यावयाचा, खरखर काढावयाची, आणि छायाचित्रें व चरित्रें यांसह संग्रह सिद्ध करावयाचा, अशी ही कामाची रीत आहे.

पुढें कोलंबसमधील 'प्रिक्स' या दुसऱ्या लहान कंपनीच्या जुन्या फितींत एक कधींच प्रसिद्ध न झालेलें गीत हातीं लागलें. गाणाऱ्यांचें 'पेनी अँड द क्वॉर्टर्स' एवढें नांव काय तें ठाऊक होतें. २००७ सालीं तें संग्रहांत छापलें गेलें. २०१० सालीं 'ब्लू व्हॅलेंटाइन' या चित्रपटांत योजिलें गेलें, आणि मग गाणाऱ्यांचा शोध सुरू झाला. गायिकेचा पत्ता २०११ सालीं लागला. गीताचा कर्ता जे रॉबिन्सन मात्र तत्पूर्वींच निवर्तला होता.

२०२० सालीं अमेरिकेंत व्हायनिल तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झालें. या नव्या हौशीमुळें अशा पुनर्मुद्रणांस ग्राहक मिळाले, हें इष्टच. तथापि तबकडी वाट पाहूं शकते. माणसाला तेवढा अवधि नसतो. म्हणून शोध करणाऱ्यांनीं गाण्याइतकीच गाणाऱ्याच्या घराचीहि वाट धरावी, आणि ती वेळेवर धरावी.