अकरा ओळी आणि अडीच तास

२३ मार्च २०१६ च्या पहाटे जगभरातले हजारो जावास्क्रिप्ट प्रकल्प नव्याने उभे राहिनासे झाले. कारण होते ११ ओळींचे एक पॅकेज. पुढच्या वेळा भारतीय आहेत, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या घड्याळात तेव्हा जे वाजले होते तेच. घटना घडली कॅलिफोर्नियात. तिथे घड्याळ साडेबारा तास मागे होते. मंगळवार, २२ मार्चची दुपार.

दोन वर्षे आधी

२०१४ मध्ये अझर कोचुलू यांनी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे छोटे पॅकेज एनपीएमवर ठेवले. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचे जगातले सर्वांत मोठे भांडार. लेफ्ट-पॅडचे काम एकच: अक्षरांच्या किंवा अंकांच्या डाव्या बाजूला भर घालून ठरलेली लांबी पूर्ण करणे. पावती क्रमांक १७ पाच अंकी छापायचा असेल, तर ०००१७ करून देणे. कोणताही विद्यार्थी दहा मिनिटांत लिहील असा हा कोड. तरी तो लिहिण्याऐवजी आयता घेणे सोपे होते.

११ दिवस आधी: ११ मार्च

कोचुलू यांचे आणखी एक पॅकेज होते, ‘किक’. कॅनडातल्या किक या मेसेजिंग कंपनीलाही एनपीएमवर हेच नाव हवे होते. कंपनीचे बॉब स्ट्रॅटन यांनी ईमेल पाठवून नाव बदलण्याची विनंती केली. कोचुलू यांनी नकार दिला. पुढच्या ईमेलमध्ये ट्रेडमार्क आणि वकील आले. दोन्ही बाजूंचा सूर चढत गेला.

या पत्रव्यवहारात लेफ्ट-पॅडचे नाव कुठेच नव्हते. भांडण दुसऱ्याच पॅकेजाचे होते.

४ दिवस आधी: १८ मार्च

किकने दाद मागितली होती. एनपीएमचे प्रमुख आयझॅक श्लूटर यांनी निर्णय कळवला: ‘किक’ हे नाव कंपनीला मिळेल. कोचुलू यांनी उत्तरात सांगितले की मग आपली सगळीच पॅकेजे तिथून काढून टाकायची आहेत.

हा इशारा लेखी होता आणि योग्य माणसापर्यंत पोचला होता. कोचुलू यांच्या नावावर अडीचशेहून अधिक पॅकेजे होती. त्यांतली कोणती किती ठिकाणी वापरात आहेत, हे एनपीएमच्या स्वतःच्या पानांवर दिसत होते. लेफ्ट-पॅड आधीच्या एका महिन्यात सुमारे २५ लाख वेळा उतरवले गेले होते.

पहाटे ३:०० च्या सुमारास

कोचुलू आपली पॅकेजे मागे घेतात. तेव्हाच्या नियमानुसार लेखकाला आपले पॅकेज कधीही मागे घेता येत होते, ते कितीही जुने असो आणि त्यावर कितीही जण अवलंबून असोत. भांडाराने एक प्रश्न विचारला नाही: हे काढले तर कोणाचे अडेल?

कॅलिफोर्नियात दुपारचे अडीच वाजून गेले आहेत. कचेऱ्या भरलेल्या आहेत.

३:०० नंतर लगेच

एनपीएमच्या यंत्रणेत दर मिनिटाला शेकडो त्रुटी उमटू लागतात. मजकूर सगळीकडे सारखा: ४०४, लेफ्ट-पॅड भांडारात नाही.

ज्यांच्या पडद्यावर हे उमटले, त्यांतल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅडचे नाव कधी ऐकलेले नव्हते. त्यांनी ‘बेबल’ हे जावास्क्रिप्टचे साधन मागवले होते. बेबलला ‘बेबल-कोड-फ्रेम’ लागत होते, त्याला ‘लाइन-नंबर्स’ आणि लाइन-नंबर्सला लेफ्ट-पॅड. साखळीतली चौथी कडी निघाली आणि पहिलीच बसेना.

आधीपासून चालू असलेली संकेतस्थळे बंद पडली नाहीत. ज्यांच्या डिस्कवर जुनी प्रत होती, त्यांना काही कळलेही नाही. अडले ते नव्याने उतरवून घेणारे: नवा संगणक, नवा सर्व्हर, प्रत्येक बदलानंतर सगळे पहिल्यापासून बांधणारी स्वयंचलित यंत्रणा.

३:१०

दहा मिनिटांच्या आत कॅमेरॉन वेस्टलँड नावाचे विकासक पुढे येतात. मोकळे झालेले नाव घेऊन ते तेच काम करणारे लेफ्ट-पॅड पुन्हा ठेवतात. आवृत्ती १.०.०.

हे शक्य झाले, कारण मागे घेतलेले नाव कोणालाही घेता येत होते. वेस्टलँड यांचा हेतू चांगला होता, एवढेच. नियमाने हेतू तपासला नव्हता.

त्रुटी थांबत नाहीत.

३:१० ते ४:३५

लाइन-नंबर्सने मागितलेली आवृत्ती होती ०.०.३. ‘०.०.३ किंवा त्यापुढची’ नव्हे, नेमकी तीच. भांडारात आता १.०.० होती. काम तेच, पण क्रमांक वेगळा. डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजाला लागणारी दुसरी पॅकेजे, सोडवणारा प्रोग्राम क्रमांक पाहतो.

०.०.३ या क्रमांकाने पुन्हा पॅकेज ठेवणेही शक्य नव्हते. एकदा वापरलेला क्रमांक परत देता येत नाही, असा एनपीएमचा नियम होता. तो सुरक्षेसाठी केलेला आणि योग्यच होता. त्या पहाटे त्यानेच दार लावून धरले.

४:३५

एनपीएमची घोषणा होते: मूळ ०.०.३ बॅकअपमधून परत आणणार. लेखकाने मागे घेतलेले पॅकेज परत ठेवण्याची भांडारावर ही पहिलीच वेळ.

४:३५ ते ५:२५

बॅकअपमधून एक पॅकेज परत यायला ५० मिनिटे लागली. तेवढ्यात दुसऱ्या एका व्यवस्थेकडे पाहता येईल.

जेंटू ही मुख्यतः मूळ कोडवरून स्वतःच्याच संगणकावर पॅकेजे बांधून घेणारी लिनक्स. डिपेंडन्सीच्या गुंत्यासाठी ती बदनाम आहे. एखादे अद्ययावतीकरण अडले की अमुक पॅकेज तमुकला अडवते, अशी लांबलचक यादी पडद्यावर येते आणि नवखा माणूस वैतागतो. पण ती यादी म्हणजे एनपीएमने न विचारलेला प्रश्नच आहे. जेंटूत पॅकेज काढायचे दोन मुख्य मार्ग आहेत. ‘डेपक्लीन’ आधी पाहतो की यावर आणखी कोणी अवलंबून आहे का. असेल तर पॅकेज काढत नाही, आणि विचारल्यास अवलंबून असणाऱ्यांची नावे सांगतो. ‘अनमर्ज’ काही न पाहता काढून टाकतो आणि त्याच्या माहितीपत्रकात धोक्याचा इशारा छापलेला आहे. लायब्ररीची नवी आवृत्ती आली, तरी जुन्या आवृत्तीवर बांधलेले प्रोग्राम पुन्हा बांधून होईपर्यंत जुनी फाइल जपून ठेवली जाते. मूळ कोडच्या प्रती जेंटूच्या मिरर सर्व्हरांवरही असतात, आणि उतरवलेली फाइल तीच आहे ना, हे चेकसम जुळवून तपासले जाते.

एनपीएमवर त्या पहाटे फक्त ‘अनमर्ज’ होता. इशारा तिथेही छापलेला होता, पण अडवणारे काही नव्हते.

५:२५

०.०.३ परत जागेवर येते. त्रुटी थांबतात. एकूण जवळजवळ अडीच तास. खानदेशात सूर्योदयाला अजून तासभर होता. सकाळी कामाला बसलेल्यांना लेफ्ट-पॅडची अडचण आली नाही.

आठवड्याने: २९ मार्च

एनपीएमने नियम बदलला. तेव्हा ठरले: पहिल्या २४ तासांत लेखक पॅकेज मागे घेऊ शकेल. त्यानंतर विनंती करावी लागेल, आणि काढल्याने कोणाचे अडणार असेल तर ते निघणार नाही. पूर्ण रिकामे झालेले नावही आपोआप दुसऱ्याच्या हाती जाणार नाही. अकरा दिवसांत कोणी न विचारलेला प्रश्न आता नियमात आला.

पुढच्या वर्षी, २०१७ च्या आवृत्तीत, डावीकडे भर घालण्याची सोय थेट जावास्क्रिप्ट भाषेतच आली. त्या कामासाठी पॅकेजची गरज उरली नाही.

कोचुलू यांनी नियम मोडला नव्हता. श्लूटर यांनीही नाही, लाइन-नंबर्सनेही नाही. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी नियमात बसत होता. चूक नियमात होती: मालकी कोणाची हे त्यात लिहिलेले होते, अवलंबून कोण हे नव्हते.

जळगाव, धुळे, शिरपूर इथल्या कॉलेजांत आणि छोट्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत आज याच भांडारावर प्रकल्प उभे राहतात. लॉक फाइल ठेवली म्हणून निर्धास्त राहू नका. ती आवृत्तीचा क्रमांक पक्का करते, पॅकेज तुमच्याकडे आणून ठेवत नाही. लागणाऱ्या पॅकेजांच्या प्रती स्वतःच्या डिस्कवर ठेवा. आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्रीची वाट न पाहता एकदा इंटरनेट बंद करून पाहा, त्या प्रतींवरून प्रकल्प रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने उभा राहतो का.