छोट्या शहराला मोठं दुकान परवडतं का? गोर्लिट्झची शंभर वर्षं

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. लाखभरसुद्धा वस्ती नसलेल्या शहरात चार मजल्यांचं, कपड्यांपासून काचसामानापर्यंत सगळं विकणारं भव्य दुकान चालू शकतं का? 'लोकसंख्या किती आहे ते बघा' असं उत्तर लगेच सुचतं. ते पुरेसं का नाही, हे समजून घ्यायला आपण जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, नायसे नदीकाठच्या गोर्लिट्झ शहरात जाऊ.

या शहराच्या मध्यभागी १९१३ साली एक दुकान सुरू झालं. नाव 'काउफहाउस त्सुम श्ट्राउस', वास्तुविशारद कार्ल श्मान्स. नमुना म्हणून डोळ्यांसमोर होतं बर्लिनमधलं वेर्टहाइम, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत दिमाखदार दुकानांपैकी एक. आत मधोमध उंच चौक, त्यावर रंगीत काचेचं छत, चारी बाजूंनी सज्जे, मोठमोठी झुंबरं आणि दोन्हीकडून वर जाणारे जिने. ही वास्तू तुम्ही कदाचित पाहिलीही असेल. वेस अँडरसनच्या २०१४ सालच्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' या सिनेमातल्या हॉटेलचं दालन म्हणजे हेच दुकान. चित्रीकरणाला ते मिळालं याचं एक कारण असं की तेव्हा ते बंद पडलेलं, रिकामं होतं.

१९१० च्या जनगणनेनुसार गोर्लिट्झची लोकसंख्या ८५ हजारांच्या थोडी वर होती. बर्लिनची तेव्हा वीस लाखांवर. मग बर्लिनची नक्कल इथे उभी करणाऱ्यांना वेड लागलं होतं का? तर नाही. त्यांचा हिशोब बरोबर होता. तो चुकत गेला नंतर, आणि तोही त्यांच्या हातात नसलेल्या कारणांमुळे.

मीठ कोपऱ्यावर, बस्ता शहरात

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, आपण ते रोजच वापरतो. मीठ, काडेपेटी, दूध यासाठी आपण कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जात नाही. पण लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर गावातलं कापडदुकान सोडून अख्खं घर गाडी करून मोठ्या शहरात जातं. म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन मर्यादा असतात. एक, तिच्यासाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब जायला तयार आहे. दुसरी, ती विकणारं दुकान टिकायला कमीत कमी किती गिऱ्हाईक लागतं. जर्मन भूगोलज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या शहरांचा अभ्यास करून या दोन मर्यादांवर आख्खा सिद्धान्त उभा केला. (हाच सिद्धान्त पुढे महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने व्यापलेल्या पोलंडमध्ये नव्या जर्मन वसाहती आखण्यासाठी वापरला गेला, आणि क्रिस्टालर स्वतः त्या कामात होते. दुकानांचा भूगोल दिसतो तितका निरागस नाही.)

त्याच सुमारास, १९३१ साली, अमेरिकेत विल्यम रायली यांनी 'किरकोळ व्यापाराच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम' मांडला. माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालं असल्यामुळे हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा हसूच आलं, कारण तो जवळजवळ न्यूटनचाच आहे. शहर जितकं मोठं तितकं ते गिऱ्हाईक जास्त ओढतं, आणि अंतर वाढलं की ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. दोन शहरांच्या मध्ये एक बिंदू असा येतो जिथे दोन्हीकडची ओढ सारखी होते. त्या बिंदूच्या अलीकडचे लोक या शहरात खरेदीला येणार, पलीकडचे त्या शहरात.

आता हेच गोर्लिट्झला लावून पाहू. गणित ढोबळ आहे, मधली छोटी गावं मी सोडून देतोय, पण दिशा कळायला एवढं बस्स आहे. पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर ड्रेस्डेन, १९१० साली लोकसंख्या साधारण ५ लाख ४८ हजार. पूर्वेला सुमारे १६० किलोमीटरवर ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ), तेव्हा साधारण ५ लाख १२ हजार. नियमात आकडे घातले की ड्रेस्डेनच्या बाजूला गोर्लिट्झची हद्द सुमारे २८ किलोमीटरवर संपते. ब्रेस्लाऊच्या बाजूला मात्र ती सुमारे ४६ किलोमीटरपर्यंत जाते.

या दोन आकड्यांवर जरा थांबा. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. म्हणजे पूर्वेकडचा अर्धा भाग पश्चिमेकडच्या अर्ध्या भागाच्या पावणेतीन पट होतो. कागदावर तरी या दुकानाच्या आसपासच्या प्रदेशाचा जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा नदीच्या पूर्वेला होता! आणि तिकडून यायची सोय होती. १८४७ पासून नायसेवर रेल्वेचा भक्कम दगडी पूल होता. लाउबानसारख्या गावातला माणूस सकाळी गाडीने येऊन, खरेदी करून संध्याकाळी घरी जाऊ शकत होता.

शिवाय नुसती डोकी मोजून चालत नाही, खिसेही मोजावे लागतात. गोर्लिट्झमध्ये कापडगिरण्या होत्या, रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना होता. आणि निवृत्त सरकारी अधिकारी आणि लष्करी लोक तिथे इतके येऊन राहिले होते की शहराला 'पेन्शनोपोलिस' असं टोपणनाव पडलं. दर महिन्याला ठरलेली पेन्शन, हाताशी वेळ आणि चांगल्या वस्तूंची हौस. दुकानदाराला आणखी काय हवं?

मोठ्या दुकानाचं दुखणं

छोट्या शहरात मोठं दुकान चालवणं नेमकं का अवघड असतं? डिपार्टमेंट स्टोअरचा धंदा एकाच तत्त्वावर चालतो. नफा थोडा ठेवायचा, पण माल झपाट्याने फिरवायचा. त्यासाठी सगळ्या प्रकारचा माल हजर हवा. समजा, हातमोजे ठेवायचे. सहा मापं, पाच रंग, तीन दर्जे म्हणजे नव्वद प्रकार. बर्लिनमध्येही नव्वद आणि गोर्लिट्झमध्येही नव्वदच, कारण गोर्लिट्झच्या बाईंचा हात काही वेगळ्या मापाचा नसतो. पण गिऱ्हाईक वीसपट कमी. मग प्रत्येक प्रकारचा माल फडताळात जास्त दिवस पडून राहतो. तोवर फॅशन बदलते, पैसा अडकतो.

प्रकार कमी केले तर? मग लोक म्हणतात, 'इथे काही मिळत नाही, त्यापेक्षा ड्रेस्डेनलाच जाऊ.' एकदा ही सवय लागली की हातमोज्यांबरोबर टोपी आणि बूटही ड्रेस्डेनलाच घेतले जातात. म्हणजे दुकान हळूहळू लहान होत जात नाही, एका पातळीखाली गेलं की एकदम कोसळतं. पाणी थंड होत होत एका तापमानाला अचानक बर्फ होतं, तसं काहीसं. म्हणूनच अशा दुकानाच्या इतिहासात 'ते केव्हा बंद पडलं' यापेक्षा 'त्याची हद्द केव्हा आकसली' हे विचारणं जास्त उपयोगाचं असतं.

हद्द आकसते

गोर्लिट्झच्या बाबतीत ती तारीख जवळजवळ सांगता येते. मे १९४५ मध्ये, युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नायसेवरचे पूल उडवले. रेल्वेचा पूलही त्यात गेला, आणि तो पुन्हा उभा राहायला १९५७ साल उजाडलं. त्याआधीच नदी ही देशाची सीमा झाली. शहराचा पूर्वेकडचा भाग पोलंडमध्ये जाऊन झ्गोझेलेत्स बनला. तिथल्या जर्मन लोकांना हाकललं गेलं, पोलिश कुटुंबं येऊन वसली. पूर्व जर्मनीने १९५० साली ही सीमा मान्य केली, आणि तो करार याच झ्गोझेलेत्समध्ये झाला. वर काढलेला तो तीन चतुर्थांश प्रदेश असा एका फटक्यात हद्दीबाहेर गेला. दुकान मात्र शाबूत राहिलं, कारण गोर्लिट्झवर फारसे बॉम्ब पडले नव्हते.

आता आपल्या नियमाप्रमाणे दुकान लगेच बंद पडायला हवं होतं. तसं झालं नाही. ते आणखी सहा दशकं चाललं! का?

एक तर सिलेशियातून हाकललेल्या लोकांमुळे युद्धानंतर शहराची लोकसंख्या काही काळ उलट वाढलीच. पण मोठं कारण म्हणजे पूर्व जर्मनीची सरकारी अर्थव्यवस्था. दुकान सरकारी मालकीच्या 'सेंट्रुम' साखळीत गेलं. तिथे गिऱ्हाइकाचा तुटवडा कधीच नव्हता, तुटवडा होता तो मालाचा. जे आलं ते विकलं जायचं. माल पडून राहण्याची जी भीती आपण वर पाहिली, ती तिथे लागूच नव्हती. १९७२ मध्ये पोलंड आणि पूर्व जर्मनी यांच्यातला प्रवास व्हिसाशिवाय सुरू झाला, तेव्हा पोलिश लोक मोठ्या संख्येने पूर्व जर्मनीत खरेदीला येऊ लागले. म्हणजे सीमा उघडताच जुनं गुरुत्वाकर्षण पुन्हा जागं झालं. १९८० मध्ये पोलंडमध्ये 'सॉलिडॅरिटी' चळवळ उभी राहिल्यावर पूर्व जर्मनीने ही सोय थांबवली.

खरी परीक्षा झाली ती १९९० नंतर. जर्मनी एक झाला, दुकान पुन्हा कार्स्टाट या मोठ्या साखळीकडे गेलं, माल भरपूर आला. पण कारखाने बंद पडू लागले, तरुण पश्चिमेला निघून गेले. एकीकरणाच्या वेळी ७० हजारांच्या वर असलेली वस्ती आज साधारण ५६ हजारांवर आली आहे. घरोघरी मोटारी आल्यामुळे १०० किलोमीटरवरचं ड्रेस्डेन हाकेच्या अंतरावर आलं. रायलीच्या नियमात अंतर किलोमीटरमध्ये असलं तरी गिऱ्हाईक ते तासांत मोजतं.

शेवटचा हिशोब कुठे झाला?

शेवटचा घाव मात्र गोर्लिट्झमध्ये बसलाच नाही. कार्स्टाटची मूळ कंपनी अडचणीत आल्यावर तिने २००५ साली ८ हजार चौरस मीटरपेक्षा लहान अशी ७४ दुकानं एका गठ्ठ्यात ब्रिटिश गुंतवणूकदारांना विकून टाकली. त्यांनी या दुकानांना 'हेर्टी' हे जुनं नाव पुन्हा दिलं. २००८ मध्ये हेर्टी दिवाळखोरीत गेली आणि २००९ मध्ये गोर्लिट्झचं दुकान बंद झालं. इतकी भव्य वास्तू, पण साखळीच्या वहीत ती 'छोटी दुकानं' या रकान्यात होती.

मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. लोकसंख्या, अंतर, सीमा यांवरून दुकान किती मोठं असावं हे ठरतं. पण ते कधी बंद करायचं हे मालक कुठे बसलाय यावरही ठरतं. इंग्लंडमधलं नॉरिच हे काही महानगर नाही. तिथलं जॅरोल्ड हे दुकान त्या शहरात १८२३ पासून आहे, एकाच कुटुंबाकडे आहे आणि मध्यवर्ती ठिकाणी अजून चालू आहे. नॉरिचच्या जवळ ड्रेस्डेनसारखा तगडा प्रतिस्पर्धी नाही, हे तर आहेच. पण शंभर दुकानांच्या यादीतली एक ओळ खोडणं सोपं असतं, आपल्याच शहरातलं आपलंच दुकान बंद करणं तितकं सोपं नसतं.

गोर्लिट्झची इमारत २०१३ मध्ये त्याच भागात जन्मलेल्या एका उद्योजकाने विकत घेतली आणि तिथे पुन्हा डिपार्टमेंट स्टोअरच सुरू करायचं जाहीर केलं. दहा वर्षं उलटून गेली तरी ते नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी उघडलं नव्हतं. मग ही कल्पनाच चुकीची म्हणायची का?

उत्तर देण्याआधी एक बेरीज करा. गोर्लिट्झचे आजचे ५६ हजार आणि पलीकडच्या झ्गोझेलेत्सचे साधारण ३० हजार. झाले ८६ हजार. १९१० साली अखंड गोर्लिट्झची लोकसंख्या जवळजवळ हीच होती! २००७ च्या अखेरीस पोलंड शेंगेन क्षेत्रात आला, तेव्हा पुलावरची नेहमीची पासपोर्ट तपासणी बंद झाली. म्हणजे कागदावर १९१३ चं शहर परत आलंय. फरक एवढाच की त्या शहरात आता दोन भाषा आहेत, दोन चलनं आहेत, दोन पगारमानं आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात एक मोबाइल आहे, ज्यातलं दुकान शून्य किलोमीटरवर असतं. रायलीच्या सूत्रात अंतराच्या जागी शून्य टाकून बघा, काय होतं ते.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न मी थोडा बदलेन. शहर छोटं आहे की मोठं, यापेक्षा ते कितीजणांना 'आपलं शहर' वाटतं, हे विचारायला हवं. १९१३ च्या गोर्लिट्झची वस्ती ८५ हजार होती, पण ते शहर त्याहून कितीतरी जास्त लोकांचं होतं. आजच्या ८६ हजारांपैकी ३० हजारांना ते आपलं वाटेल का, हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. तुमच्या जिल्ह्याच्या गावातही एखादं मोठं दुकान बंद पडलं असेल किंवा नवीन उभं राहत असेल, तर हा हिशोब करून बघा. बस्ता बांधायला लोक तिथे येतात की तिथून बाहेर जातात, एवढं पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळेल.