पॉवर मेटलची कुळकथा : काई हान्सेन आणि हांबुर्गची परंपरा

पॉवर मेटल ही हेवी मेटल संगीताची वेगवान, सुरेल आणि समूहगानाला पोषक अशी शाखा असून तिचे युरोपीय रूप १९८० च्या दशकात प्रामुख्याने जर्मनीत घडले. या घडणीत अनेकांचा वाटा असला, तरी वेग आणि सुरावट यांचा जो मेळ पुढे या शैलीची ओळख ठरला, त्याचा माग काढताना हांबुर्गचे गिटारवादक व गीतकार काई हान्सेन यांचे कार्य मध्यवर्ती ठरते.

या मेळातील घटक हान्सेन यांच्या आधीपासून अस्तित्वात होते. दोन गिटारींनी एकच धून ठरावीक स्वरांतराने एकत्र वाजवण्याची, म्हणजे एकीवर षड्ज असताना दुसरीवर गंधार आणि एकीवर ऋषभ असताना दुसरीवर मध्यम घेण्याची, जोडगिटारीची रीत विशबोन ॲश व थिन लिझी यांनी १९७० च्या दशकात रूढ केली आणि पुढे आयर्न मेडनने ती मेटलमध्ये दृढ केली. रेनबो या वाद्यवृंदाने ‘रायझिंग’ (१९७६) या अल्बममध्ये अद्भुतरम्य विषय आणि भव्य रचना आणल्या, तर जर्मनीच्याच ॲक्सेप्टने १९८२ मध्ये ‘फास्ट ॲज अ शार्क’ या गीतात डबल बेसचा, म्हणजे दोन्ही पायांनी अखंड वाजवल्या जाणाऱ्या बेस ड्रमचा, झंझावाती वेग वापरला.

१९६३ मध्ये जन्मलेल्या हान्सेन यांनी किशोरवयातच पीट झील्क यांच्यासह वादन सुरू केले आणि १९८४ मध्ये मिखाएल वायकाथ, मार्कुस ग्रोसकोप्फ व इंगो श्विख्टेनबेर्ग यांच्या साथीने हेलोवीन हा वाद्यवृंद आकाराला आला. ‘वॉल्स ऑफ जेरिको’ (१९८५) या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये थ्रॅश मेटलचा आक्रमक वेग आणि जोडगिटारीची गोड धून एकाच गीतात नांदत होती. मात्र गायन आणि अवघड गिटारवादन हे दोन्ही भार हान्सेन एकटेच वाहत होते. एकाच वेळी दोन्ही सांभाळणे जड जाऊ लागल्याने गायनाची धुरा तरुण मिखाएल किस्के यांच्याकडे गेली आणि या व्यावहारिक निर्णयातून शैलीला निर्णायक वळण मिळाले, कारण उंच पट्टीत सहज फिरणारा आवाज लाभताच गीतांची ध्रुवपदे अधिक विस्तीर्ण होऊ शकली. ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या अल्बमच्या दोन भागांत (१९८७ व १९८८) हा मेळ परिपक्व झाला. त्यांत वायकाथ यांच्या रचनांचा वाटा मोठा असला, तरी तेरा मिनिटांचे ‘हॅलोवीन’ आणि नेटके, सहज गुणगुणता येणारे ‘आय वाँट आउट’ ही दोन्ही गीते हान्सेन यांचीच असल्याने प्रदीर्घ कथन आणि लोकप्रिय गीत या दोन्ही टोकांवरील त्यांची पकड स्पष्ट होते.

यानंतर लवकरच हेलोवीन सोडून हान्सेन यांनी १९८९ मध्ये गायक राल्फ शेपर्स यांच्यासह गामा रे हा वाद्यवृंद उभा केला आणि शेपर्स गेल्यावर ‘लँड ऑफ द फ्री’ (१९९५) पासून गायनाची जबाबदारी पुन्हा स्वतः स्वीकारली. याच काळात त्यांचा प्रभाव प्रत्यक्ष सहवासातूनही पसरला : ब्लाइंड गार्डियनच्या १९८९ मधील ‘वल्हाला’ या गीतात ते पाहुणे गायक होते, तर ब्राझीलच्या आंग्राने ‘एंजल्स क्राय’ (१९९३) हा पहिला अल्बम जर्मनीत ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्यातील एका गीतात त्यांनी गिटार वाजवली. पुढे स्वीडनच्या हॅमरफॉलने ‘आय वाँट आउट’ नव्याने सादर केले. २०१७ पासून हान्सेन आणि किस्के दोघेही हेलोवीनमध्ये पुन्हा वाजवू-गाऊ लागले आणि या विस्तारित संचाचा अल्बम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

जोडगिटार, डबल बेस किंवा अद्भुतरम्य विषय यांपैकी कशाचेही जनकत्व हान्सेन यांच्याकडे जात नाही. मात्र मेटलमधील वेगाला आक्रमकतेच्या पलीकडे नेऊन उल्हासाचे, आणि हजारो श्रोत्यांनी एकत्र गाण्याचे, वाहन बनवता येते हे त्यांच्या रचनांनी सिद्ध केले. निरनिराळ्या देशांतील पुढच्या वादकांनी हेच सूत्र आपापल्या संगीतसंस्कारांनुसार वाढवले, म्हणून या शैलीच्या कुळकथेत त्यांना मूळपुरुषांमध्ये स्थान द्यावे लागते.