व्हिएतनामी ‘बाक’चा अर्थ काय? तेरच्या गोरोबाकाकांमुळे मराठी माणसाला तो चटकन कळेल!

व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह (1890-1969) यांना लोक ‘बाक हो’ म्हणतात. इंग्रजीत त्याचं ‘अंकल हो’ झालं आणि मराठीतही आपण तेच उचललं. पण ‘बाक’ म्हणजे कुठलाही काका नव्हे. बाक म्हणजे वडिलांपेक्षा वयाने मोठा भाऊ. धाकट्या काकाला तिथे ‘चू’ म्हणतात, आणि मामाला वेगळाच शब्द आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये तर थोरल्या आत्यालाही आणि मावशीलाही ‘बाक’च म्हणतात. म्हणजे एकाच शब्दासाठी इंग्रजीत कधी ‘अंकल’ लिहावं लागतं, तर कधी ‘आंटी’.

गंमत पुढेच आहे. व्हिएतनामी माणूस बोलताना ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या जागी बहुतेक वेळा नातंच वापरतो. त्यामुळे पुतण्या बोलत असेल तर ‘बाक’ म्हणजे ‘तुम्ही’, काका स्वतः बोलत असेल तर ‘मी’ आणि तिसऱ्याविषयी बोलणं चाललं असेल तर ‘ते’. हो चि मिन्हही मुलांना पत्र लिहिताना स्वतःला ‘बाक’ म्हणत. ऐकायला अवघड वाटतं, पण ‘ये इकडे, काका खाऊ देतो’ असं स्वतःच म्हणणारा काका मराठी घरात कुणी पाहिला नाही?

आता धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येऊ. तेरणा नदीकाठच्या या गावात संत गोरा कुंभारांची समाधी आहे. वारकरी त्यांना ‘गोरोबाकाका’ म्हणतात, कारण ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने सगळ्यांत वडीलधारे मानले जातात. मडकं पक्कं की कच्चं हे थापटण्याने पारखतात, तशी त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवलं, ही कथा प्रसिद्ध आहे. एवढा अधिकार घरातल्या थोरल्याचाच.

मराठी ‘काका’ शब्दात हे थोरलेपण येत नाही. त्यासाठी आपण ‘थोरले काका’, ‘धाकटे काका’ असं जोडून म्हणतो. गोरोबाकाकांची गोष्ट व्हिएतनामीत न्यायची झाली, तर अनुवादकाला आधी विचारावं लागेल, वयाने मोठे की लहान? उत्तर कळलं की ‘बाक’ हाच शब्द नेमका बसेल. इंग्रजी अनुवादकाला मात्र हा प्रश्न पडतच नाही. तो ‘अंकल गोरा’ लिहून मोकळा होतो, आणि बसमध्ये सरकून बसायला सांगतो तो अनोळखी माणूसही ‘अंकल’च!

जाता जाता, भाषांतराच्या अ‍ॅपवर विसंबणाऱ्यांसाठी: ‘बाक सी’ दिसलं तर तो कुणाचा काका नव्हे, डॉक्टर आहे. तिथला ‘बाक’ चिनीतून आलेला, अर्थ ‘विस्तृत’, म्हणजे पुष्कळ शिकलेला. आणि ‘बाक बॉ’ म्हणजे फेटाळणं. तिथेही काकांचा काही संबंध नाही.