गोवळकोंड्याची छीट आणि जावाचे बाटिक

ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेली आणि १९३३ मध्ये निजामाच्या अखत्यारीत परत आलेली आपली सुलतान बाजारची पेठ कापडासाठी प्रसिद्ध आहे. येथील दुकानांतून पोचमपल्ली, गदवाल, नारायणपेठ या नावांच्या जोडीला ‘बाटिक’ हा शब्दही सहज ऐकू येतो. हा शब्द जावा बेटाचा. जावा हे आजच्या इंडोनेशियातील बेट. भाग्यनगरापासून ते समुद्रापलीकडे फार दूर आहे खरे. परंतु एके काळी या दोन ठिकाणांना कापडाच्या गाठोड्यांनी घट्ट बांधलेले होते. त्या संबंधाची हकीकत ग्रंथालयाच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बाटिक म्हणजे काय ते पाहू. कापडाच्या ज्या भागावर रंग चढू द्यावयाचा नाही, तो भाग वितळलेल्या मेणाने झाकून मग कापड रंगात बुडवावयाचे, हे या कलेचे मूळ सूत्र. जावामध्ये यासाठी ‘चांतिंग’ नावाचे साधन वापरतात. बांबूच्या किंवा लाकडाच्या दांडीला तांब्याची इवलीशी वाटी आणि वाटीला बारीक चोच, असे त्याचे रूप असते. वाटीत गरम मेण भरून, चोचीतून उतरणाऱ्या धारेने स्त्रिया कापडावर रेघा आणि ठिपके काढतात. मेण आरपार मुरावे म्हणून तेच काम कापडाच्या मागील बाजूनेही करावे लागते. मग निळीत बुडवणे, काही भागाचे मेण खरवडणे, पुन्हा मेण लावणे, ‘सोगा’ या झाडांच्या सालींपासून काढलेल्या तपकिरी रंगात बुडवणे आणि शेवटी उकळत्या पाण्यात सगळे मेण काढून टाकणे, अशी ही मालिका असते. हाताने लिहिलेल्या उत्तम वस्त्रास काही महिने लागतात. या प्रकाराला तेथे ‘तुलिस’, म्हणजे ‘लिहिलेले’ असेच म्हणतात. आपल्याकडील ‘कलमकारी’ या शब्दाशी त्याचे नाते किती जवळचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता गोवळकोंड्याकडे वळू. कुतुबशाहीची कीर्ती हिऱ्यांमुळे झाली, परंतु राज्यात येणारा पैसा कापडामुळेही येत होता. मच्छलीपट्टण हे राज्याचे प्रमुख बंदर. त्या परिसरात हाताने रंगविलेली सुती वस्त्रे तयार होत. ‘छीट’ किंवा ‘चीट’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तेच हे कापड. डचांचा ‘सिट्स’ हा शब्द त्यावरूनच निघाला. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने या राज्यातील, विशेषतः मच्छलीपट्टणच्या आसपासच्या, कलमाने रंगविलेल्या छिटांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. कृष्णेच्या मुखाजवळील वाळवट, शिंपल्यांच्या चुन्याने युक्त जमिनीत ‘चिरुवेरु’ नावाच्या झुडपाची मुळे उत्तम येत आणि त्यांचा लाल रंग धुण्याने उतरत नसे. निळा भाग रंगविताना मात्र उरलेले कापड मेणाने झाकावे लागे. म्हणजे मेण आणि नीळ यांची जोडी येथील कारागिरांनाही पूर्णपणे अवगत होती.

हे कापड जावाला का गेले? डच कंपनीचे व्यापारी मसाल्यांच्या शोधात पूर्वेकडील बेटांवर पोहोचले, तेव्हा तेथील लोक लवंग-जायफळ देण्यास चांदीपेक्षा हिंदुस्थानी कापड अधिक पसंत करतात, असे त्यांना आढळले. म्हणून कापडाच्या मुळाशीच ठाण मांडणे त्यांना भाग पडले. १६०६ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाच्या राज्यात मच्छलीपट्टणला डचांची वखार उघडली. इंग्रज तेथे १६११ मध्ये आले. १६१२ मध्ये हेन्ड्रिक ब्राउवर या डच अधिकाऱ्याने कोरोमंडल किनाऱ्यास मोलुक्का बेटांचा डावा हात म्हटले होते. तेलंगी रंगाऱ्याने कलम ठेवला असता तर दूरच्या बेटांवरील लवंगेचा सौदाच थांबला असता, इतका हा संबंध जिव्हाळ्याचा होता.

या व्यापारात आपल्या मराठवाड्याचाही एक धागा आहे. गुजरातेतील पाटणचे पटोळे जावाच्या राजदरबारात अतिशय मानाचे मानले जाई. पाटणच्या साळवी विणकरांत अशी परंपरा सांगितली जाते, की त्यांचे पूर्वज बाराव्या शतकात जालन्याहून कुमारपाल राजाने तेथे नेले. पटोळ्याला जावात ‘चिंदे’ म्हणतात. मराठी कानाला यावरून चिंधी आठवेल. परंतु तेथे ते राजवस्त्राचे नाव आहे. पेकालोंगान येथील ‘जलाम्प्रांग’ ही बाटिक नक्षी याच पटोळ्याच्या नमुन्यावर बेतलेली आहे. जो नमुना येथे सूत बांधून, रंगवून मग विणला जात होता, तोच तेथे मेणाच्या ठिपक्यांनी काढला जाऊ लागला.

येथे एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. अजिंठ्याच्या भिंतींवरील नक्षीदार वस्त्रांकडे बोट दाखवून, बाटिक मूळचे आमचेच, असे विधान पुष्कळदा केले जाते. परंतु चित्रातील नक्षी विणलेली, बांधून रंगविलेली की मेणाने राखलेली, हे भिंत सांगू शकत नाही. मेणाने रंग अडविण्याची युक्ती अनेक देशांना ठाऊक होती. हिंदुस्थानातून जावाला कापड गेले, नक्षीचे नमुने गेले, पदराकडील त्रिकोणांची ओळ गेली, हे खरे. परंतु चांतिंगची ती बारीक चोच आणि तिने साधलेली सूक्ष्मता ही जावाच्या स्त्रियांची कमाई आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

किंबहुना, हिंदुस्थानी कापड दुर्मिळ झाल्यामुळे बाटिकचा उत्कर्ष झाला, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरास येऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले. त्याच सुमारास जावातील मातारामच्या राजाने, लष्करी मदतीच्या मोबदल्यात, हिंदुस्थानी कापड आपल्या मुलखात आणण्याचा मक्ता डच कंपनीला लिहून दिला. मक्ता आला तशी किंमत चढली. पुढे दहा वर्षांतच, १६८७ मध्ये, गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला. कोरोमंडलची छीट सामान्य जावानी माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागली आणि तो घरच्या बाटिककडे वळला. ‘बाटिक’ हा शब्द १६४१ च्या एका डच मालयादीत आढळतो. म्हणजे कला आधीपासून होती. परंतु आता तिला स्वतःच्या घरातच मोकळे मैदान मिळाले.

या मैदानात तिने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १७५५ मध्ये मातारामचे राज्य सुराकार्ता आणि योग्यकार्ता असे दुभंगले. दोन्ही दरबारांत वस्त्र हे प्रतिष्ठेचे व्याकरण बनले. तिरप्या लाटांची ‘पारंग रुसाक’ यांसारखी नक्षी राजघराण्यापुरती राखून ठेवण्यात आली आणि तशी फर्माने निघाली. ‘कावुंग’ ही चार लंबगोलांची नक्षी ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या फळाचा आडवा छेद दाखविते. आपल्याकडे ताडगोळे खाणाऱ्यास ती चटकन ओळखता येईल. ‘सेमेन’ म्हणजे अंकुरांची नक्षी. तीत मेरुपर्वत असतो आणि गरुडाचे पंखही असतात. वधूवरांनी ‘सिदोमुक्ती’ नेसावे, त्यांच्या आईवडिलांनी तारकाफुलांचे ‘त्रुन्तुम’ नेसावे, असा संकेत आहे. मूल बाटिकच्या झोळीत वाढते आणि मृतदेहावरही बाटिकच पांघरले जाते. सुमारे अडीच मीटर लांबीचे ‘काइन पांजांग’ कमरेभोवती गुंडाळून पुढे बोटभर रुंदीच्या निऱ्या घालतात. लुगड्याच्या निऱ्यांची सवय असलेल्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना त्यांतील नेटकेपणा पटेल. उत्तर किनाऱ्यावरील लाल बाटिकचा रंग ‘मेंगकुडू’च्या मुळांपासून येई. हे झाड म्हणजे आपली बारतोंडी. तिच्या मुळांच्या रंगाला आपल्याकडे ‘आल’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्याचे ठसे आले, पुरुष ठसेकाम करू लागले आणि माल स्वस्त झाला. तरी हाताने लिहिलेल्या वस्त्राचा मान गेला नाही.

मच्छलीपट्टणचे दैव मात्र निराळे निघाले. अठराव्या शतकात सरकार प्रांत निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेला आणि हैदराबाद आपल्या बंदराला मुकले. पुढे विलायती गिरण्यांचे छापील कापड आले. १ नोव्हेंबर १८६४ च्या वादळात समुद्र गावात शिरला आणि सुमारे ३०,००० माणसे बुडाली. आज मच्छलीपट्टण आणि जवळच्या पेडणा गावी कलमकारी चालते. हिरडा आणि म्हशीचे दूध लावून कापड तयार केले जाते आणि लाकडी ठशांनी छापले जाते. परंतु मेणाने राखून निळीत बुडविण्याचे जुने बारीक काम तेथे परंपरेने टिकले नाही.

ते काम कसे होत असे, हे आज आपणास कोठून कळते? ब्यूलिए नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १७३४ च्या सुमारास पुदुच्चेरीला एका रंगाऱ्याचे काम पाहिले आणि प्रत्येक पायरीनंतर कापडाचा एकेक तुकडा कापून टिपणासह जपला. १७४२ मध्ये कर्दू या जेझुइट पाद्र्याने याच विषयावर सविस्तर पत्र लिहिले. पुढे १७९५ मध्ये रॉक्सबर्गने रंगाच्या मुळांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही परके. ज्या हातांनी काम केले त्यांचा एकही शब्द या टिपणांच्या जोडीला उभा नाही. जावात नक्षींची नावे, त्यांचे अर्थ आणि त्यांचे प्रसंग लोकांच्या तोंडी राहिले, कारण वस्त्र अंगावर राहिले. येथे वस्त्र परदेशी गेले आणि नावे कारागिराबरोबर गेली.

कालांतराने जावाचे ऋण उलट दिशेने आले. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी जावा-बालीचा प्रवास केला. सोबत सुरेंद्रनाथ कर हे चित्रकार होते. त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिकला बहर आला आणि तेथून ते देशभर पसरले. मेणाला तडे जाऊन उमटणाऱ्या रेषा उत्तम जावानी कारागीर दोष समजतो; आपल्याकडे त्याच रेषा बाटिकची खूण ठरल्या. परकी कला रुजताना तिचे रूप असे बदलतेच. २ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. आपल्याकडील पुट्टपाका येथील तेलिया रुमालास २०२० मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. तेल आणि राख यांनी सूत मुरवून त्यावर लाल रंग पक्का करण्याची ही रीत. जावातही मेण लावण्यापूर्वी कापड तेल आणि क्षारात असेच मुरवीत. या दोन जुन्या विद्यांची ही भेट मनोरंजक आहे.

‘रुमाल’ म्हटले की इतिहासाच्या वाचकाला पेशवे दफ्तर आठवते. तेथील कागद रुमालांत बांधलेले आणि रुमालांनीच मोजलेले. कापडाने आपले कागद जपले. कागदाने मात्र कापड पुरेसे जपले नाही. हैदराबादच्या मराठी घरांतील जुन्या पेट्यांतून अजूनही एखादा तेलिया रुमाल, हिमरूचा तुकडा किंवा चिटाचे परकर निघते. ते नेसणाऱ्या, विकणाऱ्या आणि रंगविणाऱ्या माणसांकडून त्यांची नावे, रंगांच्या कृती, किंमती आणि प्रसंग विचारून लिहून ठेवण्याचे काम फार मोठ्या खर्चाचे नाही. सभासदांनी ही टिपणे ग्रंथालयाकडे द्यावीत आणि ग्रंथालयाने ती ग्रंथांच्या बरोबरीने सांभाळावीत. पुढील पिढीतील अभ्यासकास आपल्याच कापडाची माहिती शोधण्यासाठी केवळ पॅरिस किंवा हेगच्या दप्तरांवर विसंबावे लागू नये, यासाठी हे काम शताब्दीच्या वर्षी सुरू व्हावे.