न आलेला कागद

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. त्यामागच्या हुकुमात 'धरावे'चे 'मारावे' कसे झाले, ही कथा आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. इतिहासकार तिला खुशाल दंतकथा म्हणोत. एका अक्षरापायी माणसाचा जीव जातो, एवढे तिने आपल्या मनावर ठसवले खरे. परंतु बदललेले अक्षर निदान कागदावर राहते. आज ना उद्या ते कोणाच्या तरी नजरेस पडते. जो कागद न्यायासनापुढे आलाच नाही, तो शोधावा कोणी? अशाच एका कागदाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती पेशवाईतली नव्हे. आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका मळ्यातील झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. दोघे तेवढे जखमी होऊन वाचले. अशा अघोरी कृत्यानंतर लोक संतापावेत आणि गुन्हेगार कधी सापडतात म्हणून पोलिसांमागे तगादा लागावा, हे साहजिकच होते. पुढे भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी फर्मावली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे सिद्ध व्हायलाही आणखी काही वर्षे जावी लागली.

आता तो कागद पाहा. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या साक्षीदारापुढे पोलिसांनी सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे ठेवली होती. साक्षीदाराने त्यांतून चौघांना ओळखले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे तसा जबाबही झाला. हे चौघे त्या सहांपैकी नव्हते! तरीही त्यांच्यावर खटला झाला नाही, आणि सरकारपक्षाने तो जबाब दडवून ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आपलाच जुना निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी व त्या चौघांचा पुढील तपास करण्यास फर्मावले. तोवर सुमारे सोळा वर्षे सरली होती.

कायदा याबाबत अगदीच मुका होता असे नाही. जो पुरावा आणता आला असता आणि आणला नाही, तो न आणणाऱ्याच्याच विरुद्ध गेला असता, असे न्यायालयाने धरून चालावे, हा दाखला १८७२ च्या पुरावा कायद्यातच दिलेला आहे; २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही तो टिकला आहे. १९५५ च्या दुरुस्तीने आरोपीला कागदांच्या नकला फुकट मिळू लागल्या. पण कोणत्या कागदांच्या? ज्यांवर सरकारपक्षाची भिस्त आहे, त्यांच्या. ज्यांवर भिस्त नाही ते दप्तरातच राहिले. आणि आरोपीला तारणारा कागद बहुधा त्यांतच असायचा.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातील ब्रॅडी खटल्यात असेच घडले. प्रत्यक्ष जीव आपण घेतला, असा साथीदाराचा कबुलीजबाब ब्रॅडीच्या वकिलाला दाखवलाच नव्हता. १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, आरोपीने मागितलेला अनुकूल पुरावा दडवणे म्हणजे न्याय्य खटल्याचा हक्क हिरावणे होय. मग दडवणाऱ्याचा हेतू चांगला असो वा वाईट. आपल्याकडे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कामकाजाच्या नियमांचा आराखडा दिला. न वापरलेल्या कागदांची यादीही आरोपीस द्यावी, असे त्यात आहे. २०२२ साली न्यायालयाने त्याचा पुनरुच्चार केला.

यादी ही गोष्ट दिसायला किरकोळ. तिचे मोल खालापूर-कर्जतच्या माणसाला चटकन कळेल. आमच्या मोहोपाड्याच्या आसपास कातकऱ्या-ठाकरांच्या वाड्या आहेत. दिवाळी सरली की कित्येक कातकरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांतला एखादा उद्या संशयावरून धरला गेला, तर पोलिसांच्या दप्तरात आपल्या बाजूचा एक जबाब पडून आहे, हे त्याला कोण सांगणार? असलेली वस्तू मागता येते. पण ती आहे हेच ठाऊक नसलेल्याने काय मागावे? काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला. लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. म्हणून कागद उघड करण्याचे ओझे, कागद ज्याच्या हाती आहे त्याच्यावरच असले पाहिजे. सरकारी वकील हा काही सूड घेणाऱ्याचा वकील नव्हे. खरे काय ते न्यायासनापुढे मांडण्यासाठी त्याची नेमणूक असते.

आणि यात केवळ आरोपीचेच हित आहे असे कोणी समजू नये. त्या रात्री ज्या घरातली पाच माणसे गेली, त्या घराला एवढ्या वर्षांनी काय मिळाले? सहा जण सुटले, आणि खरे मारेकरी कोण हा प्रश्न होता तेथेच राहिला. तो कागद दडवणाऱ्याने सहा निरपराधांना जसे फसवले, तसेच त्या पाच मृतांनाही फसवले.